आता सायकलवरून उतरायचे नाही

रविवारची वंदना आटोपल्यावर विहारातच आम्ही विषय काढला. पुढच्या रविवारी सकाळी सायकलवरून हरेगावला जायचे, येणाऱ्यांनी नावे सांगा. आधी कोणीच बोलेना. मग एक मावशी म्हणाल्या, "सायकल? या वयात? माझ्या सुनेला विचारा." सगळ्या हसल्या. सून म्हणाली, "दहावीपर्यंत चालवत होते. लग्नानंतर हात लावला नाही." शेजारची म्हणाली, "माझंही तेच." मग एकेकीला विचारत गेलो. निम्म्याहून जास्त बायकांना कधीकाळी सायकल येत होती. कुणी वडिलांच्या बावीस इंचीवर दांड्याखालून पाय घालून कैची मारायला शिकलेली, कुणी रोज सायकलवर शाळेत जाणारी. पण गेल्या वर्षभरात सायकलवर बसलेली एकही नव्हती. घरात सायकल नव्हती असेही नाही. ती नातवाची होती, नाहीतर माळ्यावर पडून होती.

या पानावर आम्ही साखर, रक्तदाब, अंगात रक्त कमी असणे यांवर लिहीत आलो आहोत. आज सायकलवर लिहीत आहोत, पण आजार तेच आहेत.

१० मार्च हा सावित्रीबाईंचा स्मृतिदिन. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्यांना लागण झाली आणि त्या गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन त्यांनी यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. त्या तारखेला धरून आम्ही मार्चचा दुसरा रविवार ठरवला. नऊ जणी तयार झाल्या, सायकली आठ जमल्या. पूर्वी श्रीरामपुरात तासाच्या भाड्याने सायकल मिळायची, आता ती दुकाने दिसत नाहीत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पंक्चर काढणारे एक चाचा आहेत. त्यांनी माळ्यावरच्या दोन सायकलींच्या ट्यूबा बदलल्या, ब्रेकची रबरे बदलली, चेनला तेल दिले आणि पैसे फक्त ट्यूबांचे घेतले. मावशी सुनेच्या मागे कॅरिअरवर बसणार असे ठरले.

सव्वासहाला निघालो. मार्चमध्ये आमच्या भागात सकाळ फार थोडा वेळ टिकते, साडेनऊला ऊन चावायला लागते. नेवासा रस्त्यावरचे अंतर जीव मुठीत धरून काटले. ऊसतोडीचा हंगाम संपत आलेला, उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर जोडून घाईत जात होते. बाहेर आलेली उसाची टोके डोक्याजवळून जातात. एकीमागे एक, रस्त्याच्या कडेने, आणि सर्वांत सावकाश चालवणारी सर्वांत पुढे, हा आमचा नियम. हरेगाव फाट्याला वळलो तसा मागचा आवाज कमी होत गेला.

पुढची वाट बघण्यासारखी होती. काही वावरांत गहू निघाला होता, काहींत काढणी चालू होती. कडुलिंबाला तांबूस पालवी, शेवग्याला शेंगा, आणि कांद्याच्या रानाजवळून जाताना तो उग्र वास. काढणी झालेल्या एका रानात धनगरांनी मेंढरे बसवली होती. चारीला पाणी होते, त्याच्या कडेने चालवताना पायांना गारवा लागायचा. प्रवरेचे कालवे आले, १९२६ मध्ये भंडारदरा धरण पुरे झाले, त्या पाण्यावर ऊस आणि साखर कारखाने वाढले आणि आपली माणसे मजुरीला इकडे आली, हा इथला इतिहास. या रानांत आमच्यातल्या बहुतेकींच्या आयांनी खुरपे चालवले आहे. पण नुसते बघत या वाटेने कधी गेलेल्या नव्हत्या. एका उताराला सुनेने पायडल मारणे थांबवले आणि सायकल जाऊ दिली. मागे बसलेल्या मावशी "अगं, धर, धर" म्हणून ओरडत होत्या आणि हसतही होत्या.

वाटेत ऊसतोड कामगारांच्या कोप्या लागल्या. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी पळत आली आणि "मला एक चक्कर द्या ना" म्हणाली. दिली. तिची आई कोपीच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभी होती. दवाखान्यात काम केलेल्या माणसाला ते उभे राहणे ओळखू येते. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्या बाईला आम्ही काही विचारले नाही. पण "व्यायाम करा" असा लेख लिहिताना ती डोळ्यांपुढे असली पाहिजे.

कोप्यांच्या पुढे एका बाभळीखाली थांबलो, तेव्हा मावशी त्यांच्या वडिलांबद्दल बोलल्या. वडील मळ्यावर कामाला होते. पै-पै साठवून त्यांनी जुनी सायकल घेतली होती. गावातून जाताना मोठ्या लोकांच्या वाड्यापाशी आले की खाली उतरायचे, सायकल हाताने ढकलत न्यायची, वाडा मागे पडला की पुन्हा बसायचे. "मी दांड्यावर बसलेली असायचे," मावशी म्हणाल्या. "मला वाटायचं तिथं चढ आहे म्हणून उतरतात. मोठी झाल्यावर बघितलं, रस्ता तर सपाट होता." गावाचे नाव आम्ही लिहीत नाही. ती एकाच गावाची गोष्ट नव्हती.

हरेगावात पोहोचलो. हे गाव बाहेरच्यांना बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यामुळे आणि मतमाउलीच्या यात्रेमुळे माहीत असते. आपल्यासाठी ते आणखी एका कारणाने मोठे आहे. १६ डिसेंबर १९३९ रोजी इथे वतनदारांची परिषद भरली आणि अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. वतनाच्या जमिनीवरचा जुडीचा बोजा सरकार वाढवत होते, त्याविरुद्ध ती परिषद होती. वतनाविरुद्धची लढाई बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात विधेयक आणून सुरू केली होती. वतने कायद्याने जायला १९५८ चा कायदा यावा लागला.

वतन म्हणजे काय, हे आजच्या मुलींना सांगावे लागते, म्हणून तिथेच बसून सांगितले. तुटपुंजी जमीन आणि बलुते यांच्या बदल्यात रात्री-अपरात्री बोलावतील तिथे धावायचे. सरकारी टपाल पुढच्या गावी पोहोचवायचे, मयताची बातमी परगावी नेऊन द्यायची, साहेबाच्या घोड्यापुढे पळायचे. आपल्या आजा-पणजांइतके चालणे कुणाच्या वाट्याला आले असेल? पण ते चालणे त्यांचे नव्हते. कधी निघायचे, कुठे जायचे, कुठे थांबायचे हे दुसरा ठरवायचा. आज आपल्या बायकांचे तेच आहे. पहाटे उठून पाणी, मग स्वयंपाक, मग दुसऱ्याच्या रानात नाहीतर दुसऱ्याच्या घरी काम, परत घर. दिवसभर अंग हलते, पण स्वतःसाठी एक पाऊल पडत नाही.

म्हणूनच "राबणाऱ्या बाईला व्यायाम कशाला?" हा प्रश्न आम्हाला वरवरचा वाटत नाही. नोकरीत असताना आम्हीही केसपेपरवरचे "रोज अर्धा तास चाला" हे वाक्य वाचून दाखवत होतो. एकदा एक बाई म्हणाली, "सिस्टर, मी चालतच आले, चालतच जाणार. आता आणखी कुठं चालू?" त्या दिवशी उत्तर सुचले नव्हते. आज थोडे देता येते. खुरपणीत आणि धुण्या-भांड्यात कंबर तासन् तास वाकलेली राहते, गुडघे मुडपलेले राहतात, तोच तो स्नायू शिणतो, पण हृदय आणि फुप्फुसे एका लयीत, सलग चालत नाहीत. घाईघाईने, धाकाने, उपाशीपोटी केलेले काम शरीर झिजवते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे श्वास वाढेल पण बोलता येईल इतपत. सायकलवर अंगाचा भार सीट घेते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या बाईलाही चालण्यापेक्षा ती बऱ्याचदा सोसते. पाठ सरळ राहते. मांड्यांचे मोठे स्नायू चालले की ते रक्तातली साखर ओढून घेतात. आणि आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही तपासणीत दिसत नाही: त्या तासाभरात आपल्याला कोणी हाक मारत नाही.

तथागतांनी भिक्खूंना चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले, ते अंगुत्तर निकायात आहेत. प्रवासाची ताकद येते, परिश्रमाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि त्यातून मिळालेली चित्ताची एकाग्रता टिकते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या यादीत आजच्या डॉक्टरला बदलण्यासारखे काही नाही. चंक्रमण म्हणजे सावधपणे, स्वतःच्या इच्छेने केलेले चालणे. टपाल घेऊन पळणे त्यात येत नाही.

पण सायकलला हात लावण्याआधी रक्त तपासा, हे आम्ही आग्रहाने सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या वर हवे. ८ च्या खाली असेल तर आधी उपचार, मग सायकल. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते, लोहाच्या गोळ्याही मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळे होते म्हणून गोळ्या मध्येच सोडणाऱ्या बाया आम्ही खूप पाहिल्या. काळे होणारच, घाबरू नका. चालताना छातीत दुखत असेल, अंग बाहेर येत असेल, पिशवीचे किंवा दुसरे पोटाचे ऑपरेशन नुकतेच झाले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सायकलवर बसू नका.

हरेगावात थांबलो असताना एक गोष्ट कळली, ती आम्हाला या साऱ्या फेरीत सर्वांत जास्त लागली. बाटल्या उघडल्या तेव्हा चौघींच्या बाटल्या भरलेल्याच होत्या. सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता. का? तर वाटेत लघवीला जायचे कुठे? जुन्या कामगार वस्तीतल्या एका ताईंनी दार उघडले, नऊ जणींना जाऊ दिले, वर चहा पाजला. ताई नसत्या तर? शेतात मजुरीला जाणाऱ्या बायका हेच रोज करतात. उन्हात दिवसभर पाणी न पिणे, लघवी दाबून धरणे, मग जळजळ, थंडीताप, मुतखडा, आणि दवाखान्यात "पाणी भरपूर प्या" हा सल्ला. प्रत्येक मोठ्या फाट्यावर बायकांसाठी पाणी असलेले, कडी लागणारे शौचालय हवे. ग्रामसभेत हा ठराव मांडायला कोणी अडवत नाही. आपण मांडत नाही.

याच हरेगावात ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या नुसत्या संशयावरून चार पोरांना झाडाला उलटे टांगून मारले. त्यांत आपली मुले होती. परत फिरताना ती आठवण कोणीतरी काढलीच, आणि मग थोडा वेळ कोणी बोलले नाही. रस्ते मोकळे झाले, वाड्यापाशी उतरावे लागत नाही, हे खरे. सगळे संपले हे मात्र खरे नाही. म्हणून एकटीने आडवाटेला जाऊ नका, पाच-सहा जणी मिळून जा. आमच्या मते एकीने बाहेर पडण्याचे हेही कारण आहे. नऊ बायका नऊ वेळा त्या वाटेने गेल्या की ती वाट त्यांची होते.

बाहेरची दोन उदाहरणे देतो. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणे मोहिमेला जोडले. लाखभर ग्रामीण बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते लिहून ठेवले आहे. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी जेन्ट्स घेतल्या, कारण दांड्यावर मूल बसवता येते! टवाळी झाली, ती त्यांनी पचवली. आणि बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळू लागले. अभ्यासकांनी नंतर तपासले, तर त्या योजनेमुळे माध्यमिक शाळेत येणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेले दिसले. आपल्याकडे मुलीला सायकल मिळते, पण ती शाळेपुरती. शाळा संपली की सायकल भावाकडे जाते, आणि लग्न झाले की बाई कायमची कुणाच्या तरी मागे बसते. तरुण मुलांना वाईट वाटेल, पण लिहितो. बायकोला मोटारसायकलवर मागे बसवून नेण्यात प्रेम असेल, तिला स्वतः जाता येण्यात जास्त आहे.

आता १४ एप्रिल जवळ येतो आहे. वस्त्यांमध्ये वर्गणी सुरू झाली आहे, डॉल्बी ठरतो आहे, मोटारसायकल रॅलीसाठी झेंडे शिवले जात आहेत. आमची सूचना एवढीच आहे की त्या दिवशी सकाळी साडेसहाला सायकल फेरी काढा. पुढे बायका आणि शाळेतल्या मुली, मागे बाकीचे. वस्तीतून निघायचे, जवळच्या दोन-तीन गावांतल्या विहारांत जाऊन अभिवादन करायचे आणि ऊन चढायच्या आत परतायचे. मोटारसायकल रॅलीत बाई फार तर मागे बसलेली असते, एरवी ती दारात उभी राहून बघते नाहीतर घरी पुऱ्या लाटते.

डॉल्बीबद्दल बोललो की पोरे चिडतात. म्हणतात, "त्यांच्या मिरवणुकीला चालतो, मग उपदेश आपल्यालाच का?" प्रश्न रास्त आहे. बाहेरचे लोक नावे ठेवतात म्हणून आम्ही हे सांगत नाही. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि भिंतीसारख्या रचलेल्या स्पीकरांसमोर ती कुठल्या कुठे मागे पडते. तिथे नाचणाऱ्या पोराच्या कानातली नस गेली की ती पुन्हा येत नाही. गल्लीत हृदयाचे रुग्ण असतात, बाळंतिणी असतात. तेही आपलेच आहेत. मिरवणूक काढा, ढोल-ताशे, लेझीम, भीमगीते, सगळे होऊ द्या. आवाज माणसाला सोसेल इतका ठेवा.

सायकलला चळवळीत जागा नवीन नाही. पुण्याच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करताना बाबासाहेबांच्या विचाराशी जोडले गेलेले कांशीरामजी १५ मार्च १९८३ रोजी दिल्लीहून सायकलवर निघाले. ४० दिवस, ७ राज्ये, सुमारे ३००० किलोमीटर. पैसा नाही, गाड्या नाहीत, पण दोन पाय आणि दोन चाके आहेत, असा त्यामागे हिशेब होता. पुढच्या वर्षी १४ एप्रिलला त्यांनी पक्ष काढला. त्यांच्या राजकारणाबद्दल वाचकांची मते वेगवेगळी असतील, तो या पानाचा विषय नाही. तो हिशेब मात्र आपल्या वस्तीला आजही लागू आहे. पेट्रोल लागत नाही, परवाना लागत नाही.

ज्यांना यायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. सीटची उंची अशी ठेवा की पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात आणि दोष सायकलला जातो. नवीन शिकणारीने मात्र दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी खाली घ्यावी. साडी चालेल, पण पदर खोचून घ्या आणि चेनला कव्हर आहे का ते बघा. ओढणी मागच्या चाकात अडकून झालेले अपघात आम्ही ड्युटीवर पाहिले आहेत. पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटे पुरेत. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात गूळ नाहीतर दोन चॉकलेटे ठेवावीत. एप्रिलमध्ये आठच्या आत घरी या. पाण्यात साखर-मीठ किंवा ओआरएस घाला आणि ते प्या, बाटली भरलेली परत आणू नका.

त्या दिवशी पावणेदहाला आम्ही परत आलो. एकीची चेन दोनदा उतरली, एकीची मांडी आखडली, दुसऱ्या दिवशी चौघींचे पाय दुखत होते. त्या चौघीही पुढच्या रविवारी आल्या, आणि आणखी तीन.

मावशी आता रोज संध्याकाळी नातवाची सायकल घेऊन शाळेच्या मैदानावर जातात. तोल अजून सांभाळता येत नाही, सून मागून कॅरिअर धरून पळते. चाचांनी सीट दोन बोटे खाली घेऊन दिली आहे.